राउटरवर २.२ किलोवॉटचा स्पिंडल आणि जीआरबीएल: कामाच्या नोंदी

मशीन: ६०० × ९०० मिमी कापक्षेत्राचा सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर लाकूड कापणारा) राउटर, ॲल्युमिनियम प्रोफाइलचा सांगाडा, १६०५ बॉलस्क्रू, नेमा २३ मोटरी, बाहेर टीबी ६६०० ड्रायव्हर. कंट्रोलर म्हणजे अर्दुइनो उनो, त्यावर सीएनसी शील्ड व्ही ३ आणि जीआरबीएल १.१ (मशीनची हालचाल चालवणारं फर्मवेअर). काम मुख्यतः देवघराच्या जाळ्या, सागाच्या पाट्या आणि एमडीएफचे साचे.

काढला तो: ५०० वॉटचा ब्रशवाला डीसी स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर), ईआर ११ (कटर पकडणाऱ्या कोलेटचा आकार). बसवला तो: २.२ किलोवॉट, वॉटरकूल्ड, ८० मिमी बॉडी, ईआर २०. प्लेटवर २२० व्होल्ट, ४०० हर्ट्झ, ८ अँपिअर, २४००० आरपीएम. सोबत हुआनयांग पद्धतीचा, म्हणजे 'पीडी' पॅरामीटरवाला, सिंगल फेज इनपुटचा व्हीएफडी (फ्रिक्वेन्सी बदलून स्पिंडलचा वेग ठरवणारा ड्राइव्ह).

अंदाज होता दोन रविवारांचा. लागले चार आठवडे. त्यातलं लोखंडकाम दीड दिवसाचं, बाकी सगळा वेळ वायरिंग, अर्थिंग आणि नॉइजने (वायरींत शिरणाऱ्या नको त्या सिग्नलने) खाल्ला.

८ मार्च २०२५, शनिवार: क्लॅम्प आणि झेड (वर-खाली सरकणारा अक्ष)

जुना क्लॅम्प ५२ मिमीचा, त्यामुळे नवा ८० मिमीचा ओतीव ॲल्युमिनियम क्लॅम्प घेतला (१,४०० रुपये). झेडच्या प्लेटवरची जुनी भोकं जुळत नव्हती. चार नवी भोकं ५ मिमी ड्रिलने पाडून एम ६ चे आटे पाडले.

नवा स्पिंडल क्लॅम्पसकट वजनकाट्यावर ५.९ किलो भरला, जुना २.१ होता. परिणाम लगेच दिसला. हालचाल थांबली की जीआरबीएल थोड्या वेळाने मोटरींचा करंट सोडतो, आणि त्या क्षणी झेड आपसूक खाली यायला लागला. जीआरबीएलचं सेटिंग $१=२५५ केल्यावर मोटरी कायम धरून राहतात. पण मेन स्विच बंद केला की झेड येणारच, म्हणून आता बंद करण्यापूर्वी स्पिंडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवायचा. झेड वर उचलताना स्टेप चुकत होत्या, $१२२ (झेडचं ॲक्सिलरेशन) २०० वरून १२० वर आणल्यावर थांबल्या.

९ मार्च: स्पिंडल काटकोनात आणणं

कोलेटमध्ये रॉड धरून त्यावर डायल (बारीक फरक मोजणारा गेज) बांधली आणि स्पिंडल हाताने फिरवून २०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर रीडिंग घेतलं. (व्हीएफडीला वायर जोडायच्या आधीच हे उरकून घ्या.) पहिला तास वाया गेला, कारण रीडिंग थेट एमडीएफच्या बेडवर घेत होतो आणि बेडचे उंचवटेही त्यात मोजले जात होते. मग १० मिमी जाडीची काच बेडवर ठेवली आणि रीडिंग पुन्हा-पुन्हा तेच यायला लागलं.

डावं-उजवं: ०.१८ मिमी फरक. बोल्ट जरा ढिले करून, भोकांत जी सैल जागा असते तेवढ्यात क्लॅम्प फिरवून ०.०२ पर्यंत आणला.

पुढे-मागे: ०.३१ मिमी. हा फिरवून जात नाही, शिमच (खाली घालायची पातळ पट्टी) लागते. क्लॅम्पच्या वरच्या-खालच्या बोल्टमधलं अंतर ७५ मिमी, म्हणून शिम = ०.३१ × ७५ ÷ २०० = ०.११६ मिमी. कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा मायक्रोमीटरवर ०.१० भरला. त्याची पट्टी कापून, कडेची बर पॉलिश पेपरने काढून, दोन बोल्टखाली सरकवली. उरला फरक ०.०४. लाकडाला पुरे.

रनआउट (फिरताना मध्यापासून होणारा सरक): कोलेट काढून, नुसत्या टेपरच्या आत डायल लावून ०.०१. सोबत आलेल्या कोलेटमध्ये ६ मिमीची ग्राउंड पिन धरून, नटापासून २० मिमीवर ०.०५. स्पिंडल ठीक, कोलेट टाकाऊ. नवी ६ मिमी कोलेट घेतली, ०.०१५ झाला. ईआर कोलेट आधी नटात तिरकी घालून 'टक्' बसवायची, मगच नट चढवायचा. कोलेट सुटी टेपरमध्ये टाकून वरून नट आवळला, तर चांगली कोलेटही वाकडी धरते आणि काढताना अडकून बसते ते वेगळंच.

१२ आणि १३ मार्च: स्पिंडलची केबल, अर्थिंग

केबल: ४ कोअर, १.५ चौरस मिमी, वरून जाळीची शील्ड. पुण्याच्या तपकीर गल्लीत १९० रुपये मीटर, ६ मीटर घेतली. साधी चार कोअर तेव्हा ७० रुपयांत मिळायची. तिथे वाचवलेले पैसे पुढे काय करतात ते २३ मार्चच्या नोंदीत.

स्पिंडलच्या डोक्यावरचा गोल कनेक्टर चार पिनचा. १, २, ३ हे तीन फेज. जोडीजोडीने रेझिस्टन्स मोजला, तिन्ही जोड्या सारख्या आल्या आणि तिन्हींपासून बॉडीकडे जोडणी नाही. चौथी पिन अर्थ असायला हवी. मीटर लावला: पिन ४ ते बॉडी, काहीच नाही. आतून वायरच जोडलेली नव्हती. अशा स्पिंडलमध्ये हे इतकं सर्रास दिसतं, की चौथ्या पिनेत हिरवी वायर सोल्डर करून 'अर्थ झालं' समजू नये, मीटरने बघावं. वरच्या टोपणाच्या एका स्क्रूखालचा रंग खरवडला, रिंग लग क्रिम्प केला आणि तिथून २.५ चौरस मिमीची वेगळी हिरवी वायर पॅनेलच्या अर्थ बारपर्यंत नेली. बॉडी ते अर्थ बार ०.२ ओहम.

मग शेडचं अर्थिंग. बोर्डावर न्यूट्रल ते अर्थ १४ व्होल्ट. हे एक-दोन व्होल्टच्या आसपास असावं. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, त्यामुळे इलेक्ट्रिशियन मोकळा सापडला. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतण्याआधी त्याने बोर्ड उघडला हे बरं झालं: अर्थचा लग पावडर कोटिंगवर कसलेला, वर रंगाचा थर आणि खाली गंज. खरवडून, दातेरी वॉशर घालून पुन्हा कसला, ३ व्होल्ट. खड्ड्यात दोन बादल्या पाणी गेल्यावर १.८.

इनपुटला २५ अँपिअरचा सी कर्व्हचा एमसीबी आणि ४ चौरस मिमी वायर. व्हीएफडी आणि स्पिंडलच्या मध्ये स्विच, एमसीबी, कॉन्टॅक्टर काहीही घालायचं नाही. चालू स्पिंडलची वायर तुटली तरी व्हीएफडीचं आउटपुट जाऊ शकतं.

१५ मार्च: पॅरामीटर

आजची नोंद लांब आहे, कारण स्पिंडल जळतो तो इथेच.

फॅक्टरी सेटिंगमध्ये बेस फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ असते, साध्या मोटरीसाठी. म्हणजे ५० हर्ट्झलाच व्हीएफडी पूर्ण २२० व्होल्ट देतो. आपल्या स्पिंडलला २२० व्होल्ट ४०० हर्ट्झला हवेत. ५० ला दिले तर करंट कितीतरी पट चढतो आणि वाइंडिंग काही मिनिटांत जातं. 'बघू तरी फिरतो का' म्हणून, पॅरामीटर न भरता रनचं बटण दाबायचं नाही.

आधी पीडी ०१३ = ८, म्हणजे सगळं फॅक्टरीवर. नंतर याच क्रमाने:

पीडी ००५ = ४०० (कमाल फ्रिक्वेन्सी)
पीडी ००४ = ४०० (बेस)
पीडी ००८ = २२० (कमाल व्होल्टेज)
पीडी ०११ = १२० (किमान मर्यादा, म्हणजे ७२०० आरपीएम)
पीडी १४१ = २२०, पीडी १४२ = ८ (प्लेटवरचा करंट)
पीडी १४३ = २ (पोल)
पीडी १४४ = ३०००

क्रम महत्त्वाचा. पहिल्या वेळी ००४ आधी भरायला गेलो, तर ५० च्या वर जाईना. ००५ ची मर्यादा ५० च असताना ००४ तिच्या पुढे जात नाही. यात पाऊण तास गेला, व्हीएफडी बिघडलेला आला असंच वाटत होतं. पीडी १४४ मध्ये २४००० भरू नका. तिथे ५० हर्ट्झला होणारे फेरे हवेत: दोन पोलला ३०००. त्यावरूनच व्हीएफडी डिस्प्लेवर आरपीएम काढतो.

पीडी ०१४ (वेग घेणं) आणि ०१५ (थांबणं) दोन्ही १ सेकंद ठेवून पाहिले. चढताना कुरकुर नाही, पण थांबताना ओव्हरव्होल्टेजचा एरर. फिरणारा स्पिंडल थांबवताना त्याची ऊर्जा उलटी व्हीएफडीच्या कपॅसिटरांत येते, आणि ती जिरवायला ब्रेक रेझिस्टर लावलेला नाही. ०१४ = ६, ०१५ = ८ केल्यावर २० वेळा चालू-बंद, एकही एरर नाही.

झाकण उघडायचं असेल तर वीज बंद करून निदान दहा मिनिटं थांबा. आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठलेले असतात, डिस्प्ले विझला म्हणजे ते गेले असं नाही.

१६ मार्च: पाणी आणि पहिला रन

२० लिटरची बादली, डिस्टिल्ड वॉटर, त्यात गाडीचा हिरवा कूलंट साधारण दहा टक्के. बोअरचं पाणी वापरलं तर आतल्या बारीक वाटेत क्षार धरतात. ८ मिमीची सिलिकॉन नळी, कूलरचा १८ वॉटचा पंप. पंप बादलीच्या तळाशी नको, विटेवर ठेवा, नाहीतर गाळ ओढतो.

कोलेट-नट काढून ठेवून २० मिनिटं ८००० वर, मग १२०००, १६०००, २०००० असे दहा-दहा मिनिटांचे टप्पे. नवीन बेअरिंगमधलं ग्रीस नीट पसरायला हा वेळ लागतो. पहिल्या पाच मिनिटांत बारीक घरघर होती, नंतर गेली. कोलेटशिवाय नट लावून फिरवायचं नाही.

१८ मार्च: 'एस' (प्रोग्रॅममधली वेगाची आज्ञा) ऐकेना

आतापर्यंत व्हीएफडीच्या बटणांवर चालवत होतो. आता जीआरबीएलकडून हवा: चालू-बंद एका वायरने, वेग ०–१० व्होल्टने. उनोमधून येतो ५ व्होल्टचा पीडब्ल्यूएम (झटपट चालू-बंद होऊन वेग सांगणारा सिग्नल). त्याचे ०–१० व्होल्ट करायला एलएम ३५८ वालं छोटं मॉड्यूल (३५० रुपये), त्याला २४ व्होल्टचा पुरवठा.

व्हीएफडीवर: पीडी ००१ = १ (चालू-बंद बाहेरून), पीडी ००२ = १ (वेग बाहेरून), पीडी ०७० = ० (०–१० व्होल्ट), पीडी ०७२ = ४००, पीडी ०७३ = ०. शिवाय टर्मिनलपट्टीजवळचा जंपर 'व्हीआर' वरून 'व्हीआय' वर. हा जंपर राहिला, तर सगळी वायरिंग बरोबर असूनही व्हीएफडी पॅनेलवरच्या नॉबचंच ऐकतो.

चूक एक: शील्डवर जिथे 'स्पिंडल इनेबल' छापलंय तिथे पीडब्ल्यूएम शोधत बसलो. शील्डची छपाई जुन्या जीआरबीएलची आहे. ०.९ पासून पीडब्ल्यूएम उनोच्या डी ११ पिनेवर आणि झेडचा लिमिट (हालचालीचं टोक ओळखणारा स्विच) डी १२ वर गेला, म्हणजे अदलाबदल. 'झेड लिमिट' लिहिलेल्या पिनेवर पीडब्ल्यूएम मिळतो आणि झेडचा लिमिट स्विच 'स्पिंडल इनेबल' वर लावायचा.

चूक दोन: $३० (कमाल वेग) मुळात १००० असतो. एस ५००० दिलं तरी १० व्होल्ट आणि एस २०००० दिलं तरी १०. $३०=२४००० केलं.

चूक तीन, सर्वांत लबाड: स्पिंडल ७२०० च्या खाली चालवायचा नाही म्हणून शहाणपणाने $३१=७२०० भरलं. एस १२००० दिलं, तर डिस्प्लेवर ७२००. एस १८००० ला साधारण १५४००. कारण $३१ भरलं की जीआरबीएल शून्य व्होल्ट ७२०० ला धरतो आणि पूर्ण पट्टी ७२०० ते २४००० मध्ये पसरतो. एस १२००० ला म्हणून २.८६ व्होल्टच निघाले, आणि व्हीएफडीच्या हिशोबात तेवढ्याला ११४ हर्ट्झ होतात. ते १२० च्या खाली, म्हणून पीडी ०११ ने १२० ला अडवलं. किमान मर्यादा व्हीएफडीत ठेवा, $३१=० असू द्या.

मॉड्यूलवरचा ट्रिमपॉट एस २४००० देऊन १०.०० व्होल्टवर लावला. मग एस १२००० ला ४.९७ व्होल्ट, डिस्प्लेवर ११९००-१२०००. उनोचा पीडब्ल्यूएम २५५ पायऱ्यांचा, एक पायरी जवळपास ९४ आरपीएमची, त्यामुळे यापेक्षा काटेकोर मागू नये. $३२ (लेझर मोड) शून्य आहे ना, तेही बघून घ्या.

२२ मार्च: लॅपटॉप जोडला की स्पिंडलला झटका

चालू-बंदसाठी फर्मवेअरमध्ये 'यूज स्पिंडल डीर ॲज इनेबल पिन' ही ओळ उघडी करून पुन्हा अपलोड केलं. तसं केलं नाही तर डी १३ दिशा दाखवतो, चालू-बंद नाही. अपलोडआधी $$ ची सगळी यादी वहीत उतरवून ठेवली.

डी १३ वरून रिले, रिलेचा कॉन्टॅक्ट व्हीएफडीच्या एफओआर (पुढे फिरवणं) आणि डीसीएम (कॉमन) या टर्मिनलांमध्ये. चाललं. पण लॅपटॉपवर पोर्ट उघडला की रिले टकटक करायचा आणि स्पिंडल दचकायचा. कटर बदलताना हात नटावर असेल तर काय, ते सांगायला नको.

कारण: पोर्ट उघडला की उनो रिसेट होतो, आणि रिसेट झाला की बूटलोडर डी १३ वरचा एलईडी लुकलुकवतो. जीआरबीएल जागा होण्याआधीचा हा खेळ, त्यामुळे सेटिंगने जात नाही.

इलाज: रिलेने थेट व्हीएफडी न चालवता २४ व्होल्टचा ऑन-डिले टायमर चालवायचा (८५० रुपये), वेळ २ सेकंद. सिग्नल सलग दोन सेकंद टिकला तरच टायमरचा कॉन्टॅक्ट लागतो, लुकलुक तिथेच मरते. त्याच्या सीरीजमध्ये इमर्जन्सी मशरूमचा एनसी (एरवी जोडलेला, दाबल्यावर तुटणारा) कॉन्टॅक्ट आणि एक चावीचा स्विच. कटर बदलताना चावी काढून खिशात.

याच दिवशी ३.१७५ मिमीचा एक कटर मोडला. जीआरबीएल एम ३ (स्पिंडल चालू करण्याची आज्ञा) दिल्यावर थांबत नाही, लगेच पुढची ओळ घेतो. दोन सेकंद टायमर, सहा सेकंद वेग घ्यायला, आणि तोवर कटर लाकडात उतरलेला. पोस्ट प्रोसेसरमध्ये (डिझाइनवरून मशीनची फाइल बनवणाऱ्या भागात) एम ३ च्या पुढे जी ४ पी १० (थांबण्याची आज्ञा) टाकलं. जीआरबीएलमध्ये पी सेकंदांत असतो. काही कंट्रोलर मिलिसेकंद धरतात, दुसऱ्याची फाइल उचलताना बघा.

२३ मार्च: अलार्म १

स्पिंडल बंद असताना मशीन तासन्‌तास चालतं. स्पिंडल चालू केला की तीन-चार मिनिटांत 'अलार्म १', म्हणजे लिमिट स्विच दाबला गेला. कुणी दाबलेला नाही. हा व्हीएफडीचा नॉइज.

केलं ते क्रमाने. लिमिटच्या वायरींवर फेराइट रिंग: काही फरक नाही. यूएसबीची आखूड, फेराइटवाली केबल: पोर्ट तुटणं थांबलं, अलार्म तसाच. मग केबलची शील्ड आठवली. दोन्ही टोकांना टेप गुंडाळून तशीच सोडली होती, म्हणजे १९० रुपये मीटरची केबल ७० रुपयांच्या केबलचं काम करत होती. व्हीएफडीच्या बाजूला शील्ड उकलून, पूर्ण गोलाईने क्लिपखाली दाबून अर्थ केली. शील्डची लांब शेंडी वळून एका स्क्रूला लावली तर निम्मा उपयोग जातो. आता तासाला दोन अलार्म.

उरलेलं काम लिमिट स्विचनीच केलं. ते एनओ (एरवी तुटलेले) लावलेले होते, म्हणजे वायर मोकळी हवेत, अँटेना. एनसी करून $५=१ केलं. प्रत्येक पिनेवर ५ व्होल्टकडे १ किलोओहम आणि ग्राउंडकडे ०.१ मायक्रोफॅरड. लिमिटच्या वायरी स्पिंडलच्या केबलबरोबर एकाच ड्रॅग चेनमधून जात होत्या, त्या बाहेर काढून दुसऱ्या बाजूने नेल्या. दोन तास हवेत रन, १८००० वर, एकही अलार्म नाही.

हार्ड लिमिट बंद करून ($२१=०) अलार्म घालवायचा सल्ला सगळीकडे मिळतो. अलार्म जातो, नॉइज राहतो. तोच नॉइज मग स्टेपच्या वायरीत शिरला की जाळी अर्ध्यात सरकते.

२६ मार्च: आरसीसीबी (अर्थमध्ये गळती झाली की वीज तोडणारा स्विच)

इनपुटला २० अँपिअरचा ईएमआय (नॉइज अडवणारा) फिल्टर लावला (१,३५० रुपये) आणि शेडचा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी चालू करताच पडायला लागला. फिल्टरचे कपॅसिटर थोडा करंट अर्थमध्ये सोडतातच. त्यात तीन एसएमपीएस (डीसी पॉवर सप्लाय), कॉम्प्रेसर आणि जुनं वायरिंग यांची गळती मिळून बेरीज वर जाते. आरसीसीबी बायपास करायचा नाही. मशीनसाठी मेनमधून वेगळी लाइन, तिच्यावर स्वतंत्र टाइप ए चा ३० मिलिअँपिअर आरसीसीबी (३,२०० रुपये). तेव्हापासून पडलेला नाही, आणि टेस्टचं बटण दाबल्यावर पडतो, तेही पाहिलं.

२९ मार्च: पहिलं खरं काम

१८ मिमी साग, ६ मिमीचा दोन धारांचा कार्बाइड कटर. हौसेने २४००० वर, फीड (कटर पुढे सरकण्याचा वेग) जुनीच ८०० ठेवली. कड तपकिरी, वास जळका, कटर हात लावता येणार नाही इतका गरम. हिशोब केला तर दाताला ०.०१७ मिमी: लाकूड कापलं जात नव्हतं, घासलं जात होतं. १८००० आणि २००० मिमी प्रति मिनिट, खोली ३ मिमी: दाताला ०.०५६. भुशाऐवजी छिलका पडायला लागला, कड स्वच्छ. ३०० × ४५० ची जाळी जुन्या स्पिंडलवर ३ तास १० मिनिटं घ्यायची, आता १ तास ५ मिनिटं.

(३० ला पाडवा, काम बंद.)

५ एप्रिल: उष्णता

दीड तासाच्या कामानंतर क्लॅम्पजवळची बॉडी ५८ अंश, वरचं टोक ४४. पाणी नीट वाहत होतं. वीज बंद करून स्पिंडल हाताने फिरवला, तर जड लागला. क्लॅम्पचे बोल्ट लांब पान्ह्याने आवळलेले होते, त्याने बॉडी दबून बेअरिंगवर ताण आला होता. बोल्ट सोडून, छोटी ॲलन की दोन बोटांत धरून बसेल तेवढेच आवळले. हाताने फिरवत-फिरवत आवळा, जड व्हायला लागला की पाव फेरा मागे. आता दीड तासाला ४६ अंश. क्लॅम्प सोडला की काटकोन पुन्हा तपासावा लागतो; तपासला, ०.०५.

खर्च आजवर: स्पिंडल आणि व्हीएफडी २९,५००, क्लॅम्प १,४००, केबल १,१४०, फिल्टर १,३५०, आरसीसीबी ३,२००, एमसीबी, वायर आणि लग १,९००, मॉड्यूल आणि टायमर १,२००, पंप, नळी, पाणी, कूलंट १,३५०, कोलेट ६५०, मोडलेला कटर २८०. एकूण ४१,९७०. इलेक्ट्रिशियनचे वेगळे.

राहिलेलं: फ्लो स्विच (पाणी वाहतंय का ते बघणारा). आणलाय, पण पाण्याच्या कमी दाबावर त्याची पट्टी मध्येच चिकटते, म्हणून अजून एफओआरच्या लाइनीत घातलेला नाही. तोवर परतीच्या नळीचं तोंड पाण्यात न बुडवता बादलीच्या काठावर बांधलंय, धार डोळ्यांसमोर पडते.